डीजीचं (डिझेल जनरेटरचं) डिझेल जातंय कुठं? चोरी की टाकीचा घोळ? (सोसायटीत भांडण पेटलंय)

पायरीवरचा_पुणेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

आमची सोसायटी हिंजवडीच्या अलीकडे, तीन बिल्डिंगा. दोन डीजी आहेत, एक ३२० केव्हीएचा आणि एक १६० चा. लिफ्ट, पाण्याचे पंप, पार्किंगचे दिवे मोठ्यावर आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा), क्लबहाऊस छोट्यावर. मागच्या वर्षीपर्यंत दोघांना कॅनोपीच्या (डीजीवरच्या बंद पेटीच्या) खालचीच टाकी होती, ती सारखी भरावी लागायची म्हणून कमिटीनं ठराव केला आणि बाहेर ९९० लिटरच्या दोन टाक्या बसवून तिकडून पाईप ओढून घेतले, खालच्या टाक्या बंद केल्या. तीन कोटेशनमधलं सगळ्यात स्वस्त घेतलं (हे वाक्य लक्षात ठेवा).

आता गेले चार महिने डिझेलचा हिशोब लागत नाही. मोठा डीजी आमच्या लोडला तासाला २८-३० लिटर खायचा, आता एक नंबरची टाकी तासाला ६५ नं उतरते. आमचे खजिनदार काका एक्सेल घेऊन बसले आणि निकाल लावून मोकळे झाले, की डीजीवाले मामा डिझेल विकतात. मामा सात वर्षं आहेत आमच्याकडे. अकरा दिवसांचं सीसीटीव्ही फुटेज पाहिलं, मी पण दोन रात्री बसलो, मामा दिसले फक्त तंबाखू मळताना आणि एकदा मांजराला दूध घालताना. तरी येत्या रविवारी मीटिंग आहे आणि विषय पत्रिकेवर सरळ "ऑपरेटर बदलणे" असं लिहिलंय.

त्यात पाऊस सुरू झाल्यापासून मागच्या कंपाउंडकडे डिझेलचा वास मारतोय आणि शेजारच्या सोसायटीवाल्यांनी पावसाच्या पाण्याच्या चेंबरमध्ये इंद्रधनुषी तवंग आलाय म्हणून फोटो पाठवलेत. काका म्हणतात तो पार्किंगमधल्या गाड्यांच्या ऑइलचा. मला दोन्ही गोष्टी एकच वाटतायत पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला, मला कोण विचारतो. कुणाला काही कळतंय का यातलं?

टग्या_नंबर_१

चोरीच. आमच्याकडे असंच होतं, रात्री कॅन भरून जायचे. डायरेक्ट पोलिसात द्या.

डिझेल_आणि_धूर

थांबा थांबा. २२ वर्षं डीजीचीच कामं करतोय, भोसरीत वर्कशॉप आहे. चोरी करणारा माणूस रोज सारखी चोरी करत नाही हो, कधी वीस नेईल कधी चाळीस, जेव्हा संधी मिळेल तेव्हा. तुमची टाकी दर तासाला मोजून ६५ नं उतरते म्हणजे ते मशीन करतंय, माणूस नाही.

एकच प्रश्न विचारतो, मोठ्या डीजीची रिटर्न लाईन कुठल्या टाकीत सोडलीय?

पायरीवरचा_पुणेकर

रिटर्न लाईन म्हणजे? :(

डिझेल_आणि_धूर

हां, तिथंच मेख आहे.

इंजिन जेवढं डिझेल टाकीतून ओढतं तेवढं सगळं जाळत नाही. जळतं थोडं, उरलेलं इंजेक्टर-पंप थंड करत, ओलं ठेवत, दुसऱ्या पाईपनं परत टाकीत येतं, ती रिटर्न लाईन. किती येतं हे इंजिनाच्या जातीवर. काही इंजिनांत जळण्याच्या दुप्पट-तिप्पट डिझेल नुसतं फिरून परत येतं. आता तुम्ही डिझेल ओढलं टाकी एकमधून आणि रिटर्न सोडला टाकी दोनमध्ये, तर काय होणार? एक नंबर धडाधड रिकामी होणार, दोन नंबर आपोआप भरणार. आणि भरली की वरून जाणार.

खपाचा हिशोब पण बघा. एक लिटरला साधारण साडेतीन ते चार युनिट निघतात. तुमचा लोड शंभर किलोवॅटच्या आसपास असेल तर २८-३० लिटर बरोबर आहे. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे. वरचे ३५ जळत नाहीत, ते कुठंतरी चाललेत. दोन नंबर टाकीची लेव्हल काय आहे आत्ता?

पायरीवरचा_पुणेकर

दोन नंबरची लेव्हल लॉगबुकमध्ये कुणी लिहीतच नाही, रकानाच नाही, एकाच टाकीचा आहे. बाहेरची प्लास्टिकची नळी पिवळी पडून आतलं काही दिसत नाही. उद्या सकाळी जातो मामांबरोबर.

दर्यावर्दी_रत्नांग्री

धूरभाऊंशी सहमत. मी जहाजावर इंजिनात असतो, सध्या सुट्टीवर घरी. आमच्याकडे एका टाकीतून ओढून दुसऱ्या टाकीत रिटर्न हा नवशिक्या पोरांकडून होणारा पहिला गोंधळ, व्हॉल्व्ह फिरवले आणि रिटर्नचा फिरवायला विसरले की झालं. फरक एवढाच की जहाजावर टाकी ओव्हरफ्लो झाली तर ते डिझेल डेकवर येऊ नये म्हणून वेगळी ओव्हरफ्लो टाकी असते, व्हेंटच्या (टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) खाली ट्रे असतो, आणि तेल भरून घ्यायच्या आधी डेकवरची पाणी जायची भोकं लाकडी बुचं मारून बंद करतात. एक बादली समुद्रात गेली तरी बंदरात जहाज अडकतं, कॅप्टनची झोप उडते. जमिनीवर आल्यावर बघतो तर ९९० लिटरची टाकी उघड्यावर, खाली गटार, आणि सगळे निवांत.

नागपूरची_संत्री

९९० च का, १००० का नाही, कधी विचार केलाय का कुणी? कायद्यात आहे ते. डिझेल पेट्रोलियमच्या ब वर्गात येतं, आणि १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे एकूण साठा २५०० लिटरच्या आत असला आणि कुठलंही एक भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसलं तर परवाना लागत नाही. म्हणून बाजारात टाकी ९९० ची मिळते. तुमच्या दोन म्हणजे १९८०, बसतं. पण मागे एका ठिकाणी अशा तीन टाक्या शेजारीशेजारी बघितल्या, लोकांना वाटतं प्रत्येक टाकी हजाराच्या आत आहे ना मग चालतं. नाही चालत, बेरीज करतात!! परवाना देणाऱ्या पेसोचं (स्फोटकं-पेट्रोलियमच्या सुरक्षेची सरकारी संस्था) मुख्यालय आमच्याच नागपुरात आहे, म्हणून जरा जास्त ऐकलेलं.

आणि परवाना लागत नाही याचा अर्थ कंत्राटदार असा काढतो की बघायला कुणी येणारच नाही, मग जोडा कसंही.

वाचनमात्र_ताई

हे वाचून आठवलं. मी एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिनला होते, गाव विचारू नका. डीजी गच्चीवर, मोठी टाकी तळघरात, गच्चीवर छोटी डे टँक. खालून पंप डिझेल वर चढवायचा आणि डे टँकमध्ये फ्लोट होता, भरली की पंप बंद. एका रात्री फ्लोट अडकला. पंप आपला चालूच. डे टँकला ओव्हरफ्लोची लाईनच परत खाली आणलेली नव्हती, त्यामुळे डिझेल गच्चीवर, गच्चीवरून केबलच्या डक्टमध्ये, आणि डक्टमधून तिसऱ्या मजल्याच्या इलेक्ट्रिक पॅनलच्या खोलीत. नाईटच्या सिस्टरला वास आला म्हणून कळलं. अख्खा पॅनल पुसून काढेपर्यंत आमचे इंजिनिअर साहेब रडायच्या बेतात. फ्लोटची किंमत काय असेल, हजार दीड हजार?

डिझेल_आणि_धूर

ताई, फ्लोट अडकणारच, तो अडकणार हे धरूनच काम करायचं असतं. म्हणून तर आपोआप भरणाऱ्या डे टँकला तीन गोष्टी पाहिजेत, वरच्या लेव्हलला दुसरा वेगळा स्विच जो पंपाची सप्लायच तोडेल, ओव्हरफ्लोचा पाईप परत मोठ्या टाकीत, तोही भरणाऱ्या पाईपपेक्षा जाड, आणि खाली ट्रे. लोक पहिल्या दोन्ही वाचवतात आणि तिसऱ्यात कचरा टाकतात.

उलट पण होतं बरं का. मोठी टाकी वर आणि डीजी खाली असला तर पंप बंद करूनही डिझेल सायफननं येत राहतं, वरून खाली. तिथं सोलेनॉइड व्हॉल्व्ह लागतो जो डीजी बंद झाला की लाईन बंद करेल. आणि टाकी फार उंचावर असली तर रिटर्न लाईनमध्ये डिझेल उलटं दाब देत उभं राहतं, एखादा इंजेक्टर गळका असला की ते सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी ऑइलची दांडी काढली आणि ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं की समजायचं. ऑइल वाढलं म्हणून खूश होणारे ऑपरेटर मी पाहिलेत.

टग्या_नंबर_१

एवढं सगळं असेल पण मामा चोर नाही हे कुठं सिद्ध झालं

पायरीवरचा_पुणेकर

अपडेट. आत्ता डीजीपाशीच उभा आहे.

टाकी दोनचं झाकण उघडलं. काठोकाठ!! चार महिन्यांत त्यात एक थेंब आम्ही टाकलेला नाही. बाउझरवाला (डिझेलचा टँकरवाला) दर वेळी म्हणायचा म्हणे, "दोन नंबर भरायची गरजच नाय साहेब," आणि आम्हाला वाटायचं छोटा डीजी कमी चालतो म्हणून.

पाईप हातानं धरून धरून शोधला, मोठ्या डीजीचा रिटर्न भिंतीच्या कडेनं जाऊन सरळ टाकी दोनमध्ये घुसलाय. आणि दोन नंबरचा व्हेंट पाईप, पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी वास येतो म्हणून तक्रार केली होती, तर कंत्राटदारानं तो वाकवून कंपाउंडच्या पलीकडे खाली तोंड करून सोडला. त्याच्या बरोब्बर खाली पावसाच्या पाण्याचं चेंबर. भिंतीपलीकडे जाऊन कोण बघणार? भिंत काळी झालीय खाली, गवत जळाल्यासारखं.

छोटा डीजी तासाला बारा एक लिटर त्याच टाकीतून ओढतो, म्हणून भरायला वेळ लागला आणि कळलं नाही. वाढ तासाला २३ लिटर धरली आणि टाकी भरल्यानंतर दोन्ही डीजी साधारण दहा तास चाललेत, जूनच्या वादळात लाईट गेली होती ते दोन दिवस धरून. म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर डिझेल शेजारच्यांच्या गटारात.

आता खरी गोष्ट. मी मामांना म्हटलं मामा, तुम्हाला दिसत नव्हतं का. ते काही बोलले नाहीत, लॉगबुक आणून दिलं. शेवटचा रकाना "शेरा", तिथं त्यांच्या अक्षरात पेन्सिलीनं, तीन वेगवेगळ्या तारखांना, "टा. २ वाढते. बघणे." खाली दर आठवड्याला सही आहे. सही कुणाची ते सांगत नाही. सांगतो, माझीच. मी सेक्रेटरी आहे.

वाचनमात्र_ताई

अरे देवा.

कट्ट्यावरचा_गण्या

"बघणे" वाचून पोटात गोळा आला राव. चार महिने माणूस लिहितोय आणि आपण सीसीटीव्ही बघतोय.

डिझेल_आणि_धूर

मामांना माझा नमस्कार सांगा. फोटो टाका सगळे, टाक्यांचे पाय पण. आणि तोपर्यंत मोठा डीजी लावायचा झाला तर टाकी दोनमधूनच ओढा, सक्शनचा (ओढायच्या पाईपचा) व्हॉल्व्ह फिरवून, म्हणजे तिथलंच जाईल आणि तिथंच येईल.

रिटर्नला मात्र व्हॉल्व्ह लावून बंद करायची आयडिया कुणी दिली तर त्याला हाकला. रिटर्न बंद केला की दाब जातो कुठं, सील फुटतात.

पायरीवरचा_पुणेकर

फोटो टाकलेत.

डिझेल_आणि_धूर

बघितले. राग येईल पण सांगतो.

पाईप जीआयचा (झिंकचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) आहे, चकचकीत, पाण्याचा. प्लंबरनं केलेलं काम आहे हे. डिझेलला झिंकचा मुलामा चालत नाही, डिझेलशी त्याची कुरकुर होऊन चिखलासारखा गाळ होतो आणि फिल्टर, इंजेक्टर भरतात, इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच नको म्हणून लिहिलेलं असतं. काळा एमएस (मुलामा नसलेल्या साध्या पोलादाचा) पाईप पाहिजे. जोडांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलीय, तिचे तुकडे सुटून आत जातात, डिझेलला चालणारं सीलंट लावायचं असतं. पुढं, पाईप थेट इंजिनाला घट्ट जोडलाय, मध्ये फ्लेक्सिबल होज नाही. इंजिन रबराच्या पायांवर हलणार, पाईप भिंतीला क्लॅम्पनं आवळलेला, मग तुटणार कोण? तो जोड आत्ताच ओला दिसतोय फोटोत. आणि तो टर्बोच्या वर आहे, हे मला सगळ्यात जास्त आवडलेलं नाही. डिझेल गटारात गेलं तर पैसे गेले, तापलेल्या टर्बोवर उडालं तर कॅनोपी जाते.

लेव्हलची ती प्लास्टिकची नळी आजच्या आज बदला. उन्हानं कडक होते, एक दिवस खालून चिरते आणि अख्खी टाकी तिच्यातून रिकामी होते, कुणाचा पाय लागला तरी पुरे. काचेची घ्या, खाली-वर कॉक असलेली, बघायचं असेल तेव्हाच उघडायची, एरवी बंद.

आणि टाकी पेव्हर ब्लॉकवर उभी केलीय का??

पायरीवरचा_पुणेकर

हो. एक पाय इंचभर खचलाय, आत्ता तुम्ही म्हणालात म्हणून बघितलं.

डिझेल_आणि_धूर

भरलेल्या टाकीत सव्वाआठशे किलो डिझेलच असतं, वर लोखंडाचं वजन. टनाची वस्तू आहे ती. पेव्हरच्या खाली वाळू, पावसात वाळू वाहते. खाली काँक्रीटचा ओटा करा.

जगाच्या_पाठीवर

टाकीचा पाय खचण्यावरून, रशियातल्या नोरिल्स्कला २९ मे २०२० ला हेच झालं होतं, फक्त आकार वेगळा. वीज केंद्राची राखीव डिझेलची टाकी, तिचे आधार खचले आणि साधारण २१,००० टन डिझेल बाहेर, त्यातलं बरंचसं नद्यांमध्ये. नदीचं पाणी लाल झालेले सॅटेलाइटचे फोटो आहेत. कंपनीला १४६ अब्ज रुबलच्या वर भरावे लागले. ती टाकी पण "लागली तर लागेल" म्हणून ठेवलेलीच होती.

जर्सी_सिटीकर

आणि २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलचे जनरेटर होते १३व्या मजल्यावर, सुरक्षित, पण डिझेल चढवणारे पंप तळघरात. तळघर बुडालं. लोकांनी रांग लावून हातानं डिझेल १३ मजले चढवलं. गळतीचा विषय नाही म्हणा, पण टाकी-पंप-डीजी कुठं ठेवायचं हे कागदावर कुणी नीट बघत नाही हे खरं.

टग्या_नंबर_१

धागा पुण्याहून रशिया मार्गे अमेरिकेला गेला. मामांचं काय झालं ते सांगा

(आणि हो, माझं चुकलं, पोलिसात द्या वगैरे म्हणालो ते.)

अकोल्याचं_ऊन

एक बारीक गोष्ट, बाउझरवाल्याला टाकी काठोकाठ भरू देऊ नका. डिझेल उन्हानं फुगतं. ९९० लिटर पहाटे भरलं आणि दुपारपर्यंत वीस डिग्रीनं तापलं तर सोळा एक लिटर जास्तीचं होतं, ते जाणार कुठं, व्हेंटमधून बाहेर. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या टाकीला हात लावता येत नाही. नव्वद टक्क्यांवर खूण करून ठेवा लाल रंगानं.

मृदगंध

सांडलेल्याचं काय करताय? मी पर्यावरणाच्याच क्षेत्रात आहे. कृपा करून तिथं साबण-पाणी मारून धुवू नका, लोक हमखास तेच करतात. साबणानं तवंग फुटतो, दिसत नाही एवढंच, पण पाण्यात मिसळून लांबपर्यंत जातो. चेंबरचं पुढचं तोंड आधी वाळूच्या गोण्या लावून बंद करा, डिझेल पाण्यावर तरंगतं त्यामुळे वरचं वर लाकडाचा भुसा टाकून टिपून घेता येतं. काळी झालेली माती दिसते तिथपासून थोडी जास्तच खणून काढा.

तो भुसा, माती, चिंध्या घंटागाडीत द्यायच्या नाहीत!! २०१६ च्या नियमांप्रमाणे तेलकट कचरा घातक कचऱ्यात येतो. रांजणगावला अशा कचऱ्याची जागा आहे, तिथं पाठवणाऱ्यांशी बोला, तोवर झाकणाच्या ड्रममध्ये, पाऊस लागणार नाही असं ठेवा. जवळ बोअरवेल आहे का?

पायरीवरचा_पुणेकर

आहे, शेजारच्यांची, भिंतीपासून चाळीस फुटांवर. त्यांच्याकडे काल गेलो होतो मी आणि अध्यक्ष, सगळं सांगितलं. आधी खूप बोलले, बरोबरच आहे. मग चहा दिला.

मृदगंध

पाणी तपासायला द्या लगेच, आणि दोन-तीन महिन्यांनी परत एकदा. मातीतून डिझेल सावकाश उतरतं, आज रिपोर्ट चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नका. तोपर्यंत पिण्याला वापरू नका म्हणावं.

दर्यावर्दी_रत्नांग्री

टाक्यांभोवती कट्टा बांधणार असाल तर त्यात सगळ्यात मोठ्या टाकीपेक्षा दहा टक्के जास्त मावेल एवढा बांधा, म्हणजे ११०० लिटर धरा. आणि त्या कट्ट्याला पाणी काढायचा व्हॉल्व्ह ठेवाल तो बंद ठेवा. आमच्या रत्नागिरीत एका कारखान्यात मस्त कट्टा होता, पावसाचं पाणी साचतं म्हणून व्हॉल्व्ह जूनला उघडला तो दिवाळीपर्यंत उघडाच. कट्टा असून नसल्यासारखा. वर पत्र्याची शेड टाका, पाणी साचायलाच नको.

पायरीवरचा_पुणेकर

मीटिंग झाली. थोडक्यात लिहितो, दमलोय.

कंत्राटदाराला बोलावलं होतं, तो म्हणाला "ड्रॉइंगमध्ये असंच होतं." ड्रॉइंग मागितलं तर ड्रॉइंगच नाही, वहीच्या पानावर काढलेला एक चौकोन आणि दोन रेघा. त्याचे शेवटचे पैसे अडकवलेत. धूरभाऊ परवा येऊन बघून गेले (पैसे घेतले नाहीत, मिसळ खाल्ली), त्यांच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही रिटर्न ज्याच्या त्याच्या टाकीत, दोन्ही टाक्यांना खालून जोडणारी एक लाईन म्हणजे लेव्हल सारखी राहील, व्हेंट सरळ वर आभाळाकडे, टोकाला वाकवून जाळी लावून, काळा पाईप, होज, ओटा, कट्टा, शेड. खर्च पहिल्या कोटेशनमध्ये जेवढे वाचवले त्याच्या अडीचपट.

खजिनदार काका उठले आणि सगळ्यांसमोर मामांना सॉरी म्हणाले. मला वाटलं नव्हतं. मी पण म्हणालो, सही माझी होती. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, पण शेऱ्याचा रकाना लई बारीक हाय, मोठा करा."

नवीन लॉगबुक छापायला टाकलंय. दोन टाक्यांचे दोन रकाने आणि शेऱ्याला अर्धं पान. मामांनी आज जुन्याच वहीत लिहिलंय, "मांजर ओट्याच्या ओल्या सिमेंटवर चालली. पाय उठले. बघणे."

कट्ट्यावरचा_गण्या

सही करण्याआधी वाचलं ना या वेळी?

पायरीवरचा_पुणेकर

वाचलं. जाऊन बघून पण आलो. चार पाय आहेत, तसेच ठेवलेत.

बोअरचा रिपोर्ट आठ दिवसांनी मिळेल, आला की इथंच टाकतो.